देव एक, सूचना अनेक

देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारावं, की बुवा, इथलं काय बदलायला हवं? तो म्हणतो, चपला ठेवायची सोय नीट नाही. फार तर रांगेबद्दल दोन शब्द बोलतो. गाभाऱ्यातल्या देवाविषयी त्याची तक्रार नसते. देव आहे तसा त्याला चालतो, आणि आपणही आहोत तसे देवाला चालतो, अशी त्याची खात्री असते. हाच प्रश्न उदारमतवादी धर्मसमाजाच्या सभासदाला विचारला, तर तो आधी चष्मा पुसतो आणि मग खिशातून घडी केलेला कागद काढतो. कागदावरचा पहिला मुद्दा थेट ईश्वराच्या स्वरूपाबद्दलचा असतो. चपलांचा प्रश्न अगदी शेवटी, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' या सदरात येतो.

महाराष्ट्रात ही जमात दीडशेहून अधिक वर्षं नांदते आहे. १८६४ मध्ये बंगालच्या ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन मुंबईत व्याख्यानं देऊन गेले. ती ऐकून भारावलेल्या मंडळींनी नीट विचार करायला तीन वर्षं घेतली, आणि ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रार्थना समाज स्थापन केला. देव एक आणि निराकार. मूर्ती नको, अवतार नको, मधे भटजी नको, कोणताही ग्रंथ चुकीपलीकडचा नाही, आणि माणसं सगळी भावंडं. धर्माच्या घरातलं एवढं सामान बाहेर काढल्यावर आत ऐसपैस जागा झाली, आणि त्या जागेत सभासदांनी खुर्च्या मांडून चर्चा सुरू केली. ती अजून संपलेली नाही. खुद्द डॉ. आत्माराम यांची हौस मात्र तेवढ्यावर भागली नसावी. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत ते होते. देव एकच मानणाऱ्या या गृहस्थांनी किडे, साप आणि पाखरं किती प्रकारची आहेत हे मोजण्याचीही सोय करून ठेवली.

सभासदाच्या कागदावर सगळ्यात बारीक अक्षरात, पण सगळ्यात मनापासून लिहिलेली सूचना खाण्याची असते. सत्यनारायणाच्या कथेवर काडीचा विश्वास नसलेली माणसंही सव्वाच्या मापाचा शिरा सोडत नाहीत. इथे रविवारची उपासना होते. उद्बोधन होतं, स्तवन होतं, ध्यान होतं, उपदेश होतो, आणि मग माणसं उठून एकमेकांकडे बघतात. हातावर काही पडत नाही. तात्त्विकदृष्ट्या हे बरोबरच आहे. जो देव काही खात नाही त्याचा उष्टा प्रसाद आणायचा कुठून? पण पोट तत्त्वज्ञान वाचत नाही, आणि गिरगावात तर उपाहारगृहं हाकेच्या अंतरावर आहेत.

गंमत अशी, की या सगळ्या चळवळीची सुरुवातच खाण्यापासून झाली होती. प्रार्थना समाजाच्या आधी, १८४९ च्या सुमारास, मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी होती. आत्माराम पांडुरंगांचे थोरले बंधू दादोबा, म्हणजे मराठी व्याकरणवाले दादोबा पांडुरंग, यांचा तिच्यामागे मोठा हात होता. जातिभेद मोडायचा, हे तिचं ध्येय. त्यासाठी नव्या सभासदाने सगळ्यांदेखत ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. आज वडापावच्या गाडीवर उभा राहून कुणी धर्मक्रांती करत नाही, पण तेव्हा त्या पावाच्या तुकड्याने माणूस वाळीत पडत असे. म्हणून सभा गुप्त. अशा गुप्त सभेलाही सभासदांची वही ठेवल्यावाचून राहवलं नाही, हे अस्सल मराठी लक्षण. ही वही १८६० च्या सुमारास चोरीला गेली. आता नावं फुटणार म्हणून घबराट झाली आणि सभा विस्कटली. शास्त्राला न भिणारी माणसं हजेरीपटाला भ्यायली.

तीस वर्षांनी पुण्यात तेच नाटक पुन्हा झालं, या खेपेला पावाऐवजी चहा होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली आणि मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायले, कुणी पेल्याला नुसतं बोट लावलं. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी उपस्थितांची यादी 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. यादीत टिळक होते, गोखले होते आणि प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ महादेव गोविंद रानडेही होते. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. ज्या माणसाने भटजीची मध्यस्थी नाकारणाऱ्या समाजाला आपली सगळी बुद्धी दिली, त्याने एका चहापायी भटजीपुढे बसावं, याचं सुधारकांना किती वाईट वाटलं असेल. सनातनी मात्र खुशीत असणार. तिकडे अमेरिकेत प्रार्थना समाजाचे दूरचे नातलग, म्हणजे युनिटेरियन या उदारमतवादी पंथाचे लोक, उपासनेनंतरची कॉफी हाच आमचा खरा धर्मसंस्कार, असं स्वतःच थट्टेनं म्हणतात. गरम पेयाला एवढं धार्मिक वजन जगात या दोनच ठिकाणी मिळालं असावं.

यादीतला पुढचा मुद्दा गाण्याचा. प्रार्थना समाजाने बंगालकडून विचार घेतला, पण गळा घेतला तो तुकोबांचा. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर दोघेही संतांच्या अभंगांवर जीव टाकणारे. उपासनेत अभंग आले, उपदेशात अभंग आले. आता अडचण बघा. समाजाला मूर्ती चालत नाही, आणि तुकोबांना विटेवरच्या मूर्तीवाचून चैन पडत नाही. एक सभासद म्हणतो, अशी पदं वगळा. दुसरा म्हणतो, विठोबा म्हणजे निराकारच समजा. तिसरा म्हणतो, समजायचंच आहे तर देवळात जाऊन समजू, इथवर चालत कशाला यायचं? युनिटेरियनांविषयी एक जुना विनोद आहे, की ते बेसूर गातात, कारण पुढची ओळ आपल्याला पटते का हे आधी वाचून बघण्यात त्यांचं निम्मं लक्ष असतं. मराठी सभासदाला ती सोय नाही. अभंग लहानपणापासून पाठ असतो, त्यामुळे पटो न पटो, पुढची ओळ तोंडातून येऊन जातेच. हे बदलावं असं कुणी सुचवू नये. रविवारच्या कार्यक्रमात मराठी माणूस चर्चा विसरतो तो एवढाच वेळ.

आणि पंढरपूरचं म्हणाल, तर मूर्ती न मानणाऱ्या या समाजाचं सगळ्यात टिकाऊ काम तिथेच उभं राहिलं. १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातल्या गुजराती सुधारकाच्या पुढाकाराने पंढरपुरात अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम निघाला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. क्षेत्राच्या गावी विधवांची पोरं रात्रीच्या अंधारात सोडून दिली जात, त्या काळातली ही गोष्ट. देव साकार की निराकार, यावर तासन् तास घालवणाऱ्या मंडळींनी इथे पाळणे हलवले, दुधाचा हिशेब ठेवला, आणि त्याबद्दल फारशी चर्चा केली नाही.

उपदेश लांबतो, ही तक्रार सगळ्याच धर्मांत आहे, पण प्रार्थना समाजात तिला कायदेशीर बैठक आहे. रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९०१ च्या जानेवारीत ते वारले, आणि त्याच वर्षी नारायण गणेश चंदावरकर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. समाजाची धुराही त्यांच्याकडे आली आणि दोन दशकांहून अधिक काळ राहिली. म्हणजे वर्षानुवर्षं व्यासपीठावर न्यायमूर्तीच बसत. आठवडाभर दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय असलेला माणूस रविवारीही आस्तिकाची बाजू, नास्तिकाची बाजू, उपनिषदं आणि इंग्रज तत्त्ववेत्ते अशा सगळ्या साक्षी तपासल्याशिवाय ईश्वराच्या बाजूने निकाल देत नसणार. शिवाय समाजाचं स्वतःचं साप्ताहिक होतं, १८७३ मध्ये निघालेली 'सुबोधपत्रिका'. रविवारी सांगितलेला विचार तिच्यातून घरपोच मिळे. त्यामुळे समाजाचा प्रसार झाला खरा, पण न येणाऱ्यांचीही उत्तम सोय झाली.

आता कागदाची घडी उलगडून मधला भाग वाचायला हवा. तिथे एकच शब्द आहे: घर. समाजाने सभासदाकडून जात सोडल्याची शपथ घेतली नाही, घरातली जुनी कार्यं बंद करा असा हट्ट धरला नाही. आजी आहे, सासुरवाडी आहे, सोयरिकी आहेत. हळूहळू घेऊ, असं धोरण. परिणाम असा, की रविवारी संध्याकाळी देव निराकार असे आणि सोमवारी सकाळी ताम्हनात त्याला अंघोळ घातली जाई. १८७३ मध्ये रानड्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. विधवाविवाहाचे हे कैवारी आता विधवेशी लग्न करतील, अशी मित्रांना आशा होती. वडिलांचा आग्रह मोडवला नाही आणि त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. या विसंगतीबद्दल रानड्यांना लोकांनी जन्मभर ऐकवलं. मात्र याच रमाबाईंना त्यांनी घरातल्या बायकांचा विरोध सोसून शिकवलं, आणि पुढे पुण्याचं सेवासदन रमाबाईंनी नावारूपाला आणलं. भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. तेव्हा हळूहळू घेणारी ही मंडळी अगदीच जागची हलत नव्हती, असं म्हणता येणार नाही. त्यांचा वेग सरकारी टपालाचा होता, एवढंच.

बंगाल्यांचं असं नव्हतं. तिकडे सभासदाला काही बदलावंसं वाटलं की तो सूचना लिहीत बसत नसे, सरळ नवा समाज काढत असे. १८६६ मध्ये केशवचंद्र ब्राह्मसमाजाचे ज्येष्ठ नेते देवेंद्रनाथ ठाकुर यांच्यापासून वेगळे झाले. १८७८ मध्ये केशवचंद्रांनी स्वतःच्या मुलीचं लग्न चौदा वर्षं पुरी होण्याआधी कूचबिहारच्या महाराजांशी लावलं. चौदा ही वधूच्या वयाची मर्यादा १८७२ च्या ज्या कायद्यात होती, त्या कायद्यासाठी खटपट करणाऱ्यांत केशवचंद्रच पुढे होते. अनुयायी खवळले आणि साधारण ब्राह्मसमाज जन्माला आला. रानड्यांचं लग्न पचवणाऱ्या मुंबई-पुण्याने अशा प्रसंगी काय केलं असतं? बहुधा उपसमिती नेमली असती. प्रार्थना समाज बंगालसारखा फुटला नाही, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण फुटण्याइतकं कुणी कुणाकडून काही मागितलंच नव्हतं, हेही त्याचं एक कारण आहे.

जोतीराव फुल्यांना हा संथपणा मुळीच मानवला नाही. त्यांचा सत्यशोधक समाज १८७३ चा. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी ब्राह्म आणि प्रार्थना समाजवाल्यांना उघड फैलावर घेतलं. पांढरपेशांनी पांढरपेशांसाठी काढलेला धर्म, असा त्यांचा रोख होता, आणि सभासदांची नावं वाचली तर तो खोडून काढणं कठीण आहे. पंडिता रमाबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या तेव्हा समाजाच्या मंडळींनी त्यांचं कोण कौतुक केलं. आर्य महिला समाज निघाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. समाजात काय बदलावं याची यादी करण्यापेक्षा त्यांनी धर्मच बदलला. वेळ वाचला.

या सगळ्यांत आपली यादी मनावर घेणारा सभासद एकच दिसतो, विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीचा हा तरुण युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करायला गेला. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचला आणि परत येऊन तो मुंबई प्रार्थना समाजाचा प्रचारक झाला. आता इतर सभासदांची पंचाईत झाली. हा माणूस सूचना करी आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागे. इंग्लंडात युनिटेरियन लोक टपालाने धर्मपुस्तिका पाठवतात ना? मग इथेही पोस्टल मिशन. समाजात सगळे पिकल्या मिशांचे दिसतात? तरुण ब्राह्म संघ. आपण सगळी माणसं भावंडं म्हणतो? मग १८ ऑक्टोबर १९०६ रोजी अस्पृश्यांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी, परळला शाळा, आणि अध्यक्षपदी खुद्द न्यायमूर्ती चंदावरकर. अध्यक्ष केलं की माणूस सूचना करायचं थांबतो, हे शिंद्यांना नक्की ठाऊक असणार. पुढे पुण्यात ते कुटुंबासह अस्पृश्यांच्या वस्तीत राहायला गेले.

समाजाच्या प्रचारकपदावरून मात्र ते १९१० मध्ये मतभेद होऊन दूर झाले. चळवळ सोडली नाही. १९१२ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या एकेश्वरी समाजांची माहिती देणारी सूची इंग्रजीत प्रसिद्ध केली. जिची सभासदवही पन्नास वर्षांपूर्वी चोरीला गेल्यावर गडबड उडाली होती, त्या चळवळीची नावनिशी आता तिच्याच माणसाने छापून काढली. ती सगळी एका पुस्तकात मावली, हे वाईट. उपासना मंदिरात अडकून न राहता घराघरात शिरावी म्हणून पुढे त्यांनी कौटुंबिक उपासना मंडळ काढलं. बायकामुलांसकट सगळं घर एकत्र बसून प्रार्थना करील, तरच हा धर्म टिकेल, असं त्यांचं म्हणणं. कागदाच्या मधल्या घडीत जे लिहिलं होतं, त्यावर एवढं सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

बदलाची ही खाज फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट हे दोन पंथ १९६१ मध्ये एकत्र आले. त्यांना पंथाची मतं ठरवायची नव्हती, म्हणून त्यांनी तत्त्वं ठरवली. १९८५ मध्ये ती सात झाली. मतं काळाबरोबर शिळी होतात, म्हणून तत्त्वांच्या कलमाचा निदान पंधरा वर्षांतून एकदा फेरविचार झालाच पाहिजे, अशी तरतूद त्यांच्या घटनेतच आहे. जगात इतर धर्म सुधारकांना सुळावर देत आले, आणि इथे सुधारणेची तारीखच आधी लावून ठेवलेली. त्याप्रमाणे चर्चा झाली, मसुदे झाले, उपसूचना आल्या, आणि जून २०२४ मध्ये मतदान होऊन सात तत्त्वांच्या जागी प्रेमाला मध्यभागी ठेवणारी मूल्यं आली. जुनी सात बरी होती म्हणणारे लोक नाराज झाले. मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तेव्हा सभागृहातून कुणी उपसूचना मांडली नव्हती, म्हणून त्या इतकी वर्षं टिकल्या.

मुंबईत प्रार्थना समाज हे नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते बसथांब्याचं. गिरगावात त्या नावाच्या चौकात रोज हजारो माणसं उतरतात, आणि मंदिराला वळसा घालून आपापल्या कामाला जातात. ज्या रस्त्यावर मंदिर आहे त्याला ब्राह्मसमाजाचे संस्थापक राजा राममोहन रॉय यांचं नाव आहे. विलेपार्ल्यात समाजाची शाळा आहे, तिच्या रस्त्यालाही समाजाचं नाव आहे. एकही मूर्ती न बसवता दोन रस्ते आणि एक थांबा मिळवणारा पंथ दुसरा नसेल. सभासदाच्या यादीतली शेवटची सूचना याच संदर्भात असते: नवी माणसं आली पाहिजेत. ती सर्वानुमते मंजूर होते. कुणी आणायची, यावर एकमत होत नाही. खरं सांगायचं तर विधवाविवाह, मुलींचं शिक्षण, एका पंगतीत जेवण यांसाठी त्या काळात समाजासारख्या संस्थेचा आधार लागे. आज यांतलं काहीही करायला सभासदत्व लागत नाही, आणि ज्याला करायचं नसतं त्याला ते देऊनही उपयोग होत नाही. तेव्हा नव्या माणसाला बोलवायचं कशासाठी, हे जुन्या माणसाला आधी ठरवावं लागेल. तोवर सर्व सभासदांना एक नम्र विनंती. सूचना जरूर कराव्यात, पण लेखी, एका वेळी एकच, आणि ती अमलात आणणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव घालून. रविवारी वेळेवर यावं. घरच्यांना घेऊन यावं. येताना थोडा शिरा आणल्यास कोणत्याही तत्त्वाला बाध येणार नाही.